गरम कढई, थंड खोकं

(पडद्यावर: तेलात तरंगणारा डोनट, अगदी जवळून. तळणाचा आवाज.)

डोनट हातात घेतला की आधी त्याची कड बघावी. वरून तपकिरी, खालून तपकिरी, आणि मधोमध कमरेला दोरा बांधावा तसा एक फिकट पट्टा. यीस्ट घालून फुगवलेलं पीठ इतकं हलकं होतं की तेलात सोडल्यावर ते निम्मं वरच राहतं. एक बाजू झाली की उलटायचं, मग दुसरी. मधल्या भागाला तेल धड लागतच नाही. हा पट्टा नीट उमटला असेल तर पीठ पुरतं फुगलं होतं, हे तळणाऱ्याला चव न घेताही कळतं.

असा पट्ट्याचा डोनट आज टोकियोत मिळतो, जकार्तात मिळतो, लॉस एंजेलिसला मिळतो. आणि तो जिथे जिथे गेला, तिथली कढई आधीपासून तापलेली होती. ग्रीसमध्ये मधात घोळवलेले लुकुमादेस होते. नायजेरियात पफ-पफ होता. केनिया-टांझानियाच्या किनाऱ्यावर नारळाच्या दुधात मळलेला, वेलचीच्या वासाचा मांदाझी होता. पेरूमध्ये रताळं आणि भोपळ्याचे पिकारोनेस, मलेशियात रताळ्याचा कुइह केरिया. या शेवटच्या दोघांना तर मधोमध भोकही आहे. गोड पीठ तेलात सोडायचं शहाणपण डोनटने कुणाला शिकवावं लागलं नाही.

मग ही सगळी भावंडं बहुतेक आपापल्या मुलखात राहिली आणि एकटा डोनट जग पालथं घालून आला, हे कसं झालं? आणि तो दारात आल्यावर घरच्यांचं काय झालं?

(पडद्यावर: जुनं बंदर, शिडाची जहाजं. मग पिठाचे गोल गोळे.)

डोनटसुद्धा मुळात कुणाचा तरी स्थानिक पदार्थच होता. डच लोक अमेरिकेत स्थायिक झाले तेव्हा त्यांच्यासोबत ओलीकूक आले. शब्दाचा अर्थ सरळ आहे, तेलातला केक. 1809 मध्ये वॉशिंग्टन अर्व्हिंग या अमेरिकन लेखकाने न्यूयॉर्कच्या डच घरांतल्या चहापानाचं वर्णन केलं, त्यात डुकराच्या चरबीत तळलेले हे गोड गोळे डोनट आणि ओलीकूक अशा दोन्ही नावांनी येतात. तेव्हा ते गोळेच होते. भोक नव्हतं.

गोळ्याची अडचण कुठल्याही तळणाऱ्याला ठाऊक असते. बाहेरून रंग चढतो आणि आत पीठ कच्चं राहतं. आच मंद ठेवली तर आतपर्यंत शिजतं, पण तोवर गोळा तेल पिऊन बसतो. मेन राज्यातला हॅन्सन ग्रेगरी नावाचा खलाशी सांगायचा की 1847 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, जहाजावर मिरपुडीच्या गोल डब्याचं झाकण घेऊन आपण गोळ्याचा मधला भाग कापून टाकला. भोक पाडण्याचा पहिला मान त्याचाच होता की नाही, हा वाद बाजूला ठेवू. पण त्या झाकणाने काम चोख केलं. जिथे उष्णता सगळ्यात उशिरा पोचते तो भागच राहिला नाही. आता आच चढी ठेवता येते, तळण झटपट होतं आणि सगळीकडून सारखं होतं.

सारखं होतं, हे महत्त्वाचं. पुढची सगळी गोष्ट या सारखेपणाची आहे.

(पडद्यावर: पहिल्या महायुद्धातली छायाचित्रं. सैनिकांची रांग.)

1917 मध्ये सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या स्वयंसेविका फ्रान्समध्ये आघाडीजवळ पोचल्या. केक भाजायला भट्टी नव्हती. पीठ, साखर, चरबी एवढंच हाताशी होतं. हेलन पर्व्हियन्स आणि मार्गारेट शेल्डन या दोघींनी एका छोट्या तव्यात, एका वेळी सात, असे डोनट तळायला सुरुवात केली. चूल इतकी बुटकी होती की गुडघे टेकून तळावं लागे. घरापासून हजारो मैल दूर असलेल्या पोरांना त्या चिखलात कुणीतरी गरम काही करून देत होतं. युद्ध संपून ती पोरं घरी परतली, ती डोनटची आवड सोबत घेऊन. त्या स्वयंसेविकांच्या आठवणीसाठी 1938 मध्ये शिकागोत डोनट दिन सुरू झाला. तो अजूनही जूनच्या पहिल्या शुक्रवारी पाळतात.

माझ्या मते डोनटच्या प्रवासातलं सगळ्यात मोठं वळण मात्र 1920 चं आहे. रशियातून न्यूयॉर्कला आलेल्या अडॉल्फ लेव्हिट या बेकरीवाल्याने डोनट करणारं यंत्र बसवलं. कडी आपोआप तेलात पडायची, तरंगत पुढे सरकायची, उलटायची, बाहेर यायची. पुढे त्याने यंत्रं विकली आणि यंत्रांसोबत तयार पिठाचं मिश्रणही विकलं. त्या दिवसापासून डोनट करायला डोनट येण्याची गरज उरली नाही. मिश्रणात पाणी घालता आलं, बटण दाबता आलं, की झालं. नंतर आलेली दुकानं याच रस्त्याने गेली. 1937 मध्ये अमेरिकेतल्या विन्स्टन-सेलम शहरात क्रिस्पी क्रीम, 1948 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीत सुरू झालेलं आणि 1950 मध्ये डंकिन डोनट्स हे नाव घेतलेलं दुकान, 1964 मध्ये कॅनडात एका हॉकीपटूच्या नावाने उघडलेलं टिम हॉर्टन्स.

(पडद्यावर: उघडणारं खोकं. आत दोन रांगा, बारा डोनट.)

आता या खोक्याकडे बघा.

लुकुमादेस खोक्यात भरून कुठे नेता येत नाहीत. म्हणजे नेता येतात, पण पोचेपर्यंत मध आत मुरतो आणि कुरकुरीत साल मऊ पडते. चुरोज, म्हणजे स्पेनच्या तळलेल्या लांब कांड्या, थंड झाले की चामट होतात. पिकारोनेस तर तळणारीच्या समोर उभं राहूनच खायचे. या सगळ्यांचा जीव कढईपासून दहा पावलांच्या आत असतो. डोनट मऊ पिठाचा, अंगावर साखरेचा थर चढवलेला. सकाळी तळलेला डोनट दुपारी तितक्याच मुकाट्याने खाल्ला जातो. तो कार्यालयातल्या बैठकीत जातो, शाळेतल्या वाढदिवसाला जातो, पाहुण्याच्या हातातून परक्या घरी जातो. चवीच्या बळावर त्याने कुणाला हरवलं असं मला वाटत नाही. मांदाझी आणि डोनट गरम गरम शेजारी ठेवले तर मी मांदाझी उचलेन. डोनटने जिंकलं ते थंड झाल्यावरही विकता येण्याच्या गुणावर.

म्हणून स्थानिक पदार्थांवर त्याचा घाव कुठे बसला, हे शोधायचं तर कढईपाशी बघून उपयोग नाही. घाव बसला भेटीवर, समारंभावर, चार माणसांत काहीतरी गोड वाटायच्या प्रसंगावर. ती जागा खोक्याने घेतली.

(पडद्यावर: उकडलेली रताळी सोलणारे हात.)

कुइह केरिया कसा होतो ते पाहू. रताळी उकडायची, सोलायची, कोमट असतानाच कुस्करायची. मग मैदा. किती, ते रताळ्यात पाणी किती आहे त्यावर. दर वेळी वेगळं. त्यामुळे मापापेक्षा बोटांवर भरवसा. गोळा हाताला चिकटायचा थांबला की चपटा करून मधोमध बोटाने भोक पाडायचं. तळून झाल्यावर दुसऱ्या कढईत साखरेचा नाहीतर ताडगुळाचा घट्ट पाक करायचा, त्यात ही कडी टाकून हलवत राहायचं. हलवता हलवता पाक कोरडा होतो आणि अंगावर पांढरट, खरखरीत साल धरतो. क्षणभर हात थांबला की सगळी कडी एकमेकांना चिकटली म्हणून समजा. याचं दुसरं नाव कुइह गेलांग. गेलांग म्हणजे बांगडी.

हे ज्ञान कुठल्याही पुड्यात भरता येत नाही. आणि नेमकं म्हणूनच ते अडचणीत येतं. करणारी थकली, मुलीला वेळ नाही, की त्या घरातली कढई उतरली. बाजूला रंगीत दुकानात शंभर जणांना पुरतील इतके डोनट तयार असतात.

यात आणखी एक बोचणारी गोष्ट आहे, ती नावाची. परक्याला कुइह केरिया समजावताना त्याला ‘मलेशियन डोनट’ म्हणतात. पफ-पफ ‘नायजेरियन डोनट’ होतो, मांदाझी ‘आफ्रिकन डोनट’. नंतर आलेल्याच्या नावाने आधीच्याची ओळख करून द्यायची. सोय म्हणून एकदा म्हटलं तर ठीक. पण पाट्यांवर तेच नाव चढलं की बांगडी हा शब्द पुसला जातो, आणि शब्दाबरोबर ती मनात येणंही थांबतं.

(पडद्यावर: गुलाबी खोकी रचलेली भिंत.)

तरीही ही एकतर्फी हार नाही. कॅलिफोर्नियात तर गोष्ट उलटीच घडली. 1975 मध्ये कंबोडियातून निर्वासित होऊन आलेल्या टेड न्गोय याने पहिल्यांदा डोनट खाल्ला तेव्हा त्याला नोम कोंग आठवला. तांदळाच्या पिठाचं तळलेलं कडं, वर ताडगुळाचा पाक आणि तीळ. त्याने धंदा शिकून घेतला, 1977 मध्ये ला हाब्रा गावात दुकान विकत घेतलं, मग एकामागून एक दुकानं घेत ती मागून आलेल्या निर्वासित कुटुंबांना चालवायला दिली. दक्षिण कॅलिफोर्नियातली स्वतंत्र डोनट दुकानं आजही मोठ्या संख्येने कंबोडियन कुटुंबांच्या हातात आहेत. तिथली प्रसिद्ध गुलाबी खोकीसुद्धा या दुकानांमुळेच पसरली. पांढऱ्यापेक्षा ती थोडी स्वस्त पडत, एवढंच कारण. पहाटेच्या अंधारात उठून सगळं घर राबतं, तेव्हा ते खोकं भरतं. मात्र त्या खोक्यात नोम कोंग फार क्वचित असतो, हेही पाहिलं पाहिजे. माणसं तगली, त्यांचं स्वतःचं कडं मागे राहिलं.

जपानने वेगळाच मार्ग काढला. मिस्टर डोनट ही अमेरिकी साखळी 1971 मध्ये ओसाकाजवळच्या मिनोह इथे आली. 2003 मध्ये जपानमध्येच तिचा पोन दे रिंग निघाला. आठ छोटे गोळे जोडून केलेलं कडं. पिठात टॅपिओका, म्हणजे साबुदाणा ज्याचा होतो ते पीठ, त्यामुळे दाताला लवचीक, ओढाळ लागतो. जपानी माणसाला मोचीमुळे, म्हणजे चिकट तांदळाच्या गोळ्यामुळे, हा चिवटपणा लहानपणापासून प्रिय. म्हणजे आकार परका राहिला आणि चावा घरचा झाला. इंडोनेशियात घरोघरी बटाटा घालून डोनट करतात, आणि 2005 मध्ये जॉनी अँड्रियन या केशभूषेच्या व्यवसायातल्या माणसाने जे.को ही देशी साखळी काढून ती शेजारच्या देशांत नेली. चीनमध्ये तर केएफसीलाच 2008 मध्ये न्याहारीसाठी योउत्याओ विकायला घ्यावे लागले. गरम सोयाच्या दुधात बुडवून खायच्या त्या लांब तळलेल्या कांड्यांवाचून तिथली सकाळ होत नाही.

कोरियाची गोष्ट मला सगळ्यात जास्त धीर देते. तिथे बाजारात पिळाचे क्वाबेगी आणि चिकट तांदळाचे गोळे पिढ्यान्‌पिढ्या तळले जातात. साखळ्या आल्या, मग क्रीम भरलेल्या डोनटची लाट आली. आणि त्याच तरुण गिऱ्हाइकांनी अलीकडे गेसोंग या जुन्या शहराचा जुआक शोधून काढला. चिकट तांदळाचं पीठ माक्कोली या तांदळाच्या मद्यात भिजवून मंद आचेवर तळायचं आणि पाकात मुरवायचं. हा जुना, थाटाचा पदार्थ. मुरलेला असल्यामुळे तो थंडच छान लागतो. खोक्यात भरून नेता येतो.

(पडद्यावर: होनोलुलूतली बेकरी, वाफाळती कागदी पिशवी.)

आणि हवाईत मालासादा आहेत. 1878 पासून मदेरा आणि अझोर्स बेटांवरून पोर्तुगीज मजूर उसाच्या मळ्यांवर आले, त्यांच्यासोबत आलेले. भोक नसलेले, साखरेत घोळवलेले. उपासाचा लेंट काळ सुरू होण्याआधी घरातली साखर-चरबी संपवायची म्हणून वर्षातून एकदा व्हायचे. 1952 मध्ये उघडलेल्या लिओनार्ड्स बेकरीने ते रोजचे केले. मागणीप्रमाणे तळायचे आणि पिशवीतून वाफ येत असतानाच हातात द्यायचे. माणसं त्या वाफेसाठी रांगेत थांबतात.

(पडद्यावर: लिमा, संध्याकाळ. रस्त्याकडेला कढई. निवेदन सावकाश.)

पेरूची राजधानी लिमा. पिकारोनेसचं पीठ पातळ असतं, लाटता येत नाही, साच्यात कापता येत नाही. तळणारी बाई बोटं मिठाच्या पाण्यात बुडवते, मूठभर पीठ उचलते आणि ते तेलात पडता पडता अंगठ्याने मधे भोक पाडते. हे सगळं एका हिसक्यात. कडं तेलात पसरून फुगतं, वेडंवाकडं, प्रत्येक निराळं. उलटायला झारा नाही, एक लांब काठी. ती भोकात घालायची, गरकन फिरवायची आणि उचलायचं.

बशीत चार कडी, वरून चांकाका गुळाचा काळसर पाक. खोकं मागितलं तर ती देईलही. पण आधी काठीने बशीकडे खूण करेल. गरम आहेत, आत्ताच खा.

(पडद्यावर: पुन्हा ओली बोटं, पीठ, तेल. आवाज तसाच सुरू. काळा पडदा.)