खडकावर रुतवलेलं जहाज

दक्षिण चीन समुद्रात, सेकंड थॉमस शोल नावाच्या प्रवाळखडकावर, फिलिपिन्सचं ‘सिएरा माद्रे’ हे जहाज रुतून उभं आहे. पत्रा गंजून जागोजागी फाटलाय. तरी नौदलाने त्याला यादीतून काढलेलं नाही. ते नौदलाचं आहे तोवर त्यावरचा हल्ला हा फिलिपिन्सच्या सैन्यावरचा हल्ला, आणि तसं झालं तर १९५१ च्या संरक्षण करारानुसार अमेरिकेलाही त्यात उतरावं लागेल.

दुसऱ्या महायुद्धात रणगाडे किनाऱ्यावर उतरवायला अमेरिकेने ते बांधलं. पुढे दक्षिण व्हिएतनामकडे गेलं, आणि १९७५ मध्ये सायगॉन पडल्यावर तिथून निसटून फिलिपिन्सला आलं. १९९५ साली जवळच्याच मिस्चीफ रीफवर चीनने ताबा मिळवल्याचं उघड झालं. पाठोपाठ हाही खडक जाईल, या धास्तीने मनिलाने १९९९ मध्ये जहाज मुद्दाम इथे आणून चढवलं.

फिलिपिन्सचं पालावान बेट इथून साधारण १९५ किलोमीटर. चीनचं हैनान हजार किलोमीटरच्याही पलीकडे. जुलै २०१६ मध्ये हेगच्या लवादाने निवाडा दिला : हा खडक फिलिपिन्सच्या विशेष आर्थिक क्षेत्रातला, म्हणजे जिथल्या साधनसंपत्तीवर त्याचाच हक्क आहे अशा समुद्रपट्ट्यातला. चीनने तो धुडकावला, आणि मानायला लावणारी यंत्रणाच नाही.

म्हणून सगळा झगडा रसदीवर येतो. जहाजावरच्या मूठभर मरीन सैनिकांना अन्न, पाणी, डागडुजीचं सामान लहान बोटींतून पोहोचवायचं, आणि चिनी तटरक्षक जहाजांनी वाट अडवायची. मार्च २०२४ मध्ये पाण्याच्या जोरदार माऱ्याने बोटीची काच फुटली, खलाशी जखमी झाले. १७ जूनला चिनी जवान चाकू-कुऱ्हाडी घेऊन भिडले. बोटींच्या धडकेत एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा तुटला. याच्या काहीच दिवस आधी राष्ट्राध्यक्ष मार्कोस ज्युनियर यांनी सिंगापुरात बजावलं होतं : कुणी जाणूनबुजून केलेल्या कृतीत फिलिपिनो माणूस मेला, तर ते जवळपास युद्धच समजू. त्या दिवशी थोडं इकडेतिकडे झालं असतं तर काय, या विचाराने आजही धडकी भरते.

१९९२ मध्ये फिलिपिन्समधला सुबिकचा नौदल तळ सोडून गेलेलं अमेरिकी सैन्य आता नऊ फिलिपिनो तळ वापरू शकतं. भारतानेही एप्रिल २०२४ मध्ये ब्रह्मोस क्षेपणास्त्रांची पहिली खेप मनिलाला दिली.

आणि शेजारी? आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेत निर्णय सर्वसहमतीने होतात, म्हणजे एकाने मान हलवली नाही की सगळं थांबतं. २०१२ मध्ये नॉम पेन्हला नेमकं तेच झालं. याच समुद्राच्या उल्लेखावरून यजमान कंबोडिया अडला आणि ४५ वर्षांत पहिल्यांदाच परराष्ट्रमंत्र्यांचं संयुक्त निवेदन निघालं नाही. व्हिएतनाम, मलेशिया यांचेही चीनशी या पाण्यावरून वाद आहेत, पण व्यापारही चीनशीच. त्यांची अडचण खरी आहे. तरीही हे मौन मला त्या कुऱ्हाडींपेक्षा महाग पडणारं वाटतं, कारण त्यामुळे प्रत्येक देश चीनसमोर एकेकटा बसतो. जुलै २०२४ मध्ये मनिलाही तशीच बसली आणि रसदीपुरता तात्पुरता समझोता करून उठली.