बुडबुडे

[दृश्य: पाण्याची बाटली, आत बुडवलेली नळी. आवाज मोठा.]

हा आवाज आधी नीट ऐका. मलावी देशातल्या ब्लँटायर शहरात, क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलच्या नवजात वॉर्डात हा आवाज चालू असला की नर्सचा जीव भांड्यात पडतो.

2010 सालच्या अंदाजानुसार मलावीत दर 100 बाळांपैकी सुमारे 18 बाळं दिवस भरायच्या आत जन्मली. जगात सर्वाधिक. अशा बाळाची फुफ्फुसं कच्ची असतात. श्वास सोडला की आतली हवेची पिटुकली घरं मिटतात आणि ती पुन्हा उघडता उघडता बाळ दमून जातं. बरगड्यांखाली खळगा पडतो, तो बघवत नाही.

[दृश्य: नाकातली नळी, मग पुन्हा बाटली.]

म्हणून नाकातून हलक्या दाबानं सतत हवा सोडायची. दाब मोजायला पाणी पुरतं: नळी सहा सेंटीमीटर बुडवली, की दाब तेवढाच. बुडबुडे थांबले, तर हवा कुठंतरी गळतेय.

असं यंत्र बाजारात सुमारे 6000 डॉलरना मिळायचं. अमेरिकेतल्या राईस विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी मत्स्यालयाचे पंप वापरून नमुना बनवला आणि खर्च 400 डॉलरच्या आसपास आणला. नाव ‘पुमानी’. चिचेवा भाषेत अर्थ, निवांत श्वास घ्या. 2014 मध्ये निष्कर्ष आले: नुसत्या ऑक्सिजनवरची 44 टक्के बाळं वाचली होती, पुमानीवरची 71 टक्के. बाळं शंभराच्या आतच होती, हेही सांगायला हवं.

आणि दुसरी बाजूही. सालिमा जिल्ह्यात महिन्यावरच्या, तीव्र न्यूमोनियाच्या मुलांना बुडबुड्यांचा हाच उपचार दिला, पण रोज डॉक्टरची देखरेख नव्हती. 2019 चा अहवाल: या उपचारात 17 टक्के मुलं दगावली, साध्या ऑक्सिजनवर 11. यंत्र तसंच, पण शेजारी माणूस कोण उभा आहे?

[दृश्य: रंगीत कापड, आईचे हात.]

हे चितेंजे. आपल्या जुन्या लुगड्यासारखं शंभर कामांना येणारं. एरवी मलावीतली बाई यात मूल पाठीला बांधते. दिवस न भरलेल्या बाळाला ऊबही लागते, म्हणून या वॉर्डात नर्स तिला मूल पुढं घ्यायला शिकवते: छातीवर, उघड्या अंगाला अंग, पायांत मोजे, डोक्याला टोपी. कापड घट्ट, पण श्वास मोकळा राहील असं.

रात्रीही बाळ तिथंच. आई आडवी होत नाही, उशांना टेकून अर्धवट बसूनच डोळा लावते.