कलार

टिळकांचं मंडाले आणि थिबाचा रत्नागिरीचा राजवाडा सोडला, तर आपल्याला ब्रह्मदेश कळतो तो विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींमुळे. इगतपुरी, दहा दिवस, मौन, श्वास. म्हणून तिथल्या माहितीपटांविषयी बोलताना मी मुद्दाम गोंगाटापासून सुरुवात करतोय.

मंडालेच्या उत्तरेला ताउंगब्योन नावाचं गाव आहे. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला तिथं 'नाट' देवांची जत्रा भरते. नारळ-केळी, ढोल, अंगात येणं, सगळं. ज्यांच्या अंगात येतं त्यांना म्हणतात 'नाट कडॉ', म्हणजे नाटाची बायको, आणि यातले पुष्कळजण पुरुष असतात. आपल्या जोगत्यांची आठवण येतेच. लिंडसे मेरिसन यांचा २००१ सालचा माहितीपट 'फ्रेंड्स इन हाय प्लेसेस' याच माणसांवर आहे. लष्करी राजवटीत दाद मागायची कुणाकडे? लोक नाटाकडे जातात. घरात बुद्ध असतोच. पण बुद्ध मोक्षाचा, नोकरी-कज्जे-आजारपणाला नाट.

या जत्रेचे देव दोघे भाऊ. दंतकथा सांगते की अनोरथा राजानं पॅगोडा बांधायला घेतला, यांनी आपल्या वाटची वीट लावली नाही, राजानं मारलं. त्यांचा बाप ब्याटा समुद्रातून वाहत आलेला हिंदुस्थानी, आणि मुसलमान. म्हणून भाविक जत्रेला जाण्याआधी डुकराचं मांस वर्ज्य करतात. बौद्ध माणूस, बौद्ध देश, आणि पथ्य मुसलमान बापाचं!

आता दुसरा माहितीपट. मेरिसन यांनीच २००५ साली यांगून फिल्म स्कूल काढलं. तिथं शिकलेल्या निन ए लाइंग यांनी 'मिडवाइव्ह्ज' केला, २०२२ साली. जागा राखाइन प्रांत. 'ला' नावाची बौद्ध सुईण दवाखाना चालवते. न्यो न्यो रोहिंग्या मुसलमान, तिच्या हाताखाली शिकते. चित्रीकरण पाच वर्षं चाललं, आणि त्याच काळात, ऑगस्ट २०१७ नंतर, लष्कराच्या हिंसाचारामुळे सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात पळाले. माहितीपटात निवेदक येऊन हे समजावत नाही, त्याबद्दल मी दिग्दर्शिकेचा आभारी आहे. आपल्याला दिसतो दवाखाना, बाळंतपणं, दोघींची कुरबूर. 'ला' धोका पत्करून न्यो न्योला काम शिकवते आणि त्याच तोंडानं तिला 'कलार' म्हणून हिणवते. प्रेम की तिरस्कार, असं विचारण्यात अर्थ नाही; एकाच वाक्यात दोन्ही असतात.

बर्मी भाषेत 'कलार' म्हणजे पश्चिमेकडून आलेला, सावळा, परका. हा शब्द रोहिंग्यांपुरता नाही. रंगूनच्या गोदीवर राबायला गेलेल्या तेलुगू हमालाला तो लागला, तमिळ चेट्टी सावकारालाही. या सभागृहातल्या कुणालाही लागेल. आणि जत्रेतल्या त्या दोन देवांच्या बापालाही.