विडीवाली, भाकरीवाला आणि चार हिट पॉइंट

श्रोतेहो, नमस्कार.

दर रविवारी संध्याकाळी सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या गच्चीवर पाच जण जमतात. सतरंजी अंथरलेली असते, कोरे कागद असतात, पेन्सिली असतात आणि मूठभर फासे असतात. कुणी चार बाजूंचा, कुणी सहा, कुणी वीस बाजूंचा. खाली गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो आणि वर आम्ही एक गोष्ट खेळत असतो.

हो, खेळत असतो. एकाने गोष्टीतलं जग सांभाळायचं, त्याला गेम मास्टर म्हणतात. आमच्याकडे ते काम माझं. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. समोर काय आहे ते मी सांगतो, आपण काय करतो ते खेळाडू सांगतात, आणि जमेल की नाही याची खात्री नसेल तिथे फासा पडतो. या खेळांची सुरुवात 1974 साली अमेरिकेत झाली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी तेव्हा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला. दोघेही मूळचे टेबलावर छोट्या शिपायांच्या फौजा मांडून लढाया खेळणारे. त्यांच्या खेळात फौजेच्या जागी एकच माणूस खेळाडूच्या हातात आला. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. फौजेतले दहा पडले तर आपण आकडा खोडतो. एकच माणूस असला की त्याच्या जिवाची काळजी लागते.

पण तो एक माणूस बहुतेक वेळा तयार होऊनच येतो. योद्धा, मांत्रिक, तलवार, मंत्र. त्याच्या मागे घर नसतं, उधारी नसते, संध्याकाळी वाट बघणारं कुणी नसतं. मीही बरीच वर्षं असेच खेळ चालवले आणि दर वेळी तेच व्हायचं. तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत पोरं कंटाळायची. गावावर संकट आलं असं मी सांगायचो, आणि कुणाच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. गाव त्यांचं नव्हतंच ना.

मग मी नियम बदलला. पहिल्या बैठकीत कुणी वीर नाही. प्रत्येकाने कामधंदा करणारा साधा माणूस घ्यायचा. ही कल्पना माझी नाही. 1986 च्या ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’ या खेळात पात्राला उंदीर पकडणाऱ्याचं कामसुद्धा मिळू शकतं. 2012 मध्ये आलेल्या ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’मध्ये तर शून्य लेव्हलपासूनच, म्हणजे अगदी खालच्या पायरीपासूनच सुरुवात आहे. प्रत्येकाला तीन-चार गावकरी मिळतात, त्यांचा धंदा फासाच ठरवतो, आणि पहिल्या संकटातून जो जगेल तो पुढे वीर होतो. हा प्रकार अनेकांना आवडतो. मला मात्र चारातले तीन मरायलाच ठेवलेत हे रुचत नाही. मी एकाला एकच देतो. त्याला जपायचं.

आणि तो फार नाजूक असतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या अलीकडच्या नियमांत सामान्य माणसाला चार हिट पॉइंट असतात, म्हणजे तो किती मार सोसू शकतो त्याचा आकडा चार. सुऱ्याच्या घावाला चार बाजूंचा फासा टाकतात. चार पडले की माणूस कोसळला.

आमच्यातल्या एका मुलीने विडी वळणारी बाई घेतली. तिची आजी आयुष्यभर तेच करत आली. मी विचारलं, “आज सकाळपासून काय केलंस?” ती न थांबता सांगत गेली. रात्री भिजवलेली पानं, पत्र्याच्या साच्यावर कात्रीने त्यांची कापणी, मांडीवरच्या सुपातली तंबाखू, बोटांत पान फिरवायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. हजार विड्या झाल्याशिवाय उठायचं नाही. गच्चीवर सगळे गप्प ऐकत होते. मग मी विचारलं, “सोबत काय आहे?” ती म्हणाली, “कात्री आणि दोऱ्याची रीळ.”

आमच्या गोष्टीतलं गाव सोलापूरवरूनच घेतलंय. मधे तळं, काठाला भुईकोट किल्ला, पलीकडे विणकरांची गल्ली. एका रात्री तळ्याचं पाणी उतरलं आणि तटाच्या पायथ्याशी एक दार उघडं पडलं. गल्लीतलं एक पोर आत गेलं ते परतलंच नाही. विडीवाली, एक विणकर, यात्रेत पाळणा फिरवणारा एक जण आणि एक भाकरीवाला, असे चौघे त्याला शोधायला निघाले. शस्त्र एकाकडेही नाही.

आत काळोख. विडीवालीने दाराच्या कडीला दोरा बांधला आणि रीळ सोडत चालू लागली. पुढे भिंतीआड काहीतरी लाकडी, जुनं, आपोआप चाललेलं. विणकर म्हणाला, “थांबा. मी ऐकतो.” चालता माग ठोका चुकला की त्याला झोपेतही कळतं. इथल्या ठोक्यात मधेच एक ठोका गळत होता. त्या गळलेल्या ठोक्याला पाऊल टाकून त्याने सगळ्यांना पलीकडे नेलं. त्यासाठी मी फासासुद्धा टाकायला लावला नाही. त्याला ते येतच होतं.

पोर सापडलं. पण परतताना काळोखातून कुणीतरी सुरा फेकला आणि भाकरीवाला मधे आला. चार बाजूंचा फासा माझ्याच हातात होता. पडले चार.

ते पात्र खेळणारा मुलगा खूप वेळ बोलला नाही. दोऱ्याच्या आधाराने बाकीचे बाहेर आले. आता गाव त्यांचा जयजयकार करेल, त्यांना पहिली लेव्हल मिळेल, असं माझ्या डोक्यात होतं. पण विडीवाली म्हणाली, “आधी त्याच्या आईकडे जायचं.” इतक्या वर्षांत कितीतरी पात्रं मेली, पण मेलेल्याच्या घरी जाऊन सांगावं असं आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं.

त्या रात्री घरी जाताना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळून माझी गाडी गेली. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. मे 1930 मध्ये इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला, आणि 12 जानेवारी 1931 रोजी या चौघांना फाशी दिली. जन्मापासून मी त्यांना पुतळ्यांच्याच रूपात पाहिलंय. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, मार्शल लॉच्या आधीच्या एप्रिलमध्ये हे चौघे कुठे जेवत असतील, कुणाशी काय बोलत असतील. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं जन्मघर स्मारक म्हणून जपलंय. 1938 मध्ये चीनला निघाले तेव्हा ते पुढच्या परीक्षेचा अभ्यास करणारे तरुण डॉक्टर होते, आणि 1942 मध्ये तिकडेच वारले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. मला त्या स्मारकात सगळ्यात जवळचं वाटतं ते घरच, खोल्या आणि दारं. इथून एक मुलगा निघाला होता.

एक हरकत मला नेहमी ऐकू येते, आणि ती खरी आहे. एक जण म्हणाला, “मी दिवसभर दुकानात बसतो, खेळातही दुकानच का?” म्हणून साधेपणा एक-दोन बैठकींपुरताच ठेवा. पुढे तलवार येऊ द्या, मंत्र येऊ द्या, ज्याला उडायचंय त्याला उडू द्या. फक्त मिळणारी विद्या त्या पहिल्या रात्रीतून उगवू द्या. आमचा विणकर आज बंद भिंतीआडची यंत्रं ऐकतो. विडीवालीच्या दोऱ्याने भूतसुद्धा बांधलं जातं. पण रीळ तीच आहे, आणि उधारी अजून फिटलेली नाही.

त्या दिवशी भाकरीवाल्याच्या आईचं बोलणं मलाच बोलायचं होतं. काय बोलावं सुचेना. शेवटी एवढंच म्हणालो, “सकाळच्या भाकऱ्या तशाच आहेत. शेंगाचटणी आहे. बसा.” तिघेही बसले. मग ज्याचं पात्र गेलं होतं त्या मुलाने एक कोरा कागद पुढे ओढला आणि विचारलं, “त्याला धाकटा भाऊ होता का?”

मी म्हणालो, होता.

त्याने पेन्सिल उचलली आणि पहिल्या ओळीत लिहिलं, धंदा: भाकरी विकणे.

नमस्कार.