आतडं: पचनाची नळी की ग्रंथी?

[एन्डोस्कोपीचं चित्रण. कॅमेरा लहान आतड्यात शिरतो.]

पडद्यावर जी मखमल दिसते आहे ती लहान आतड्याच्या आतल्या बाजूची. पाण्याबरोबर हलणारे हे बारीक उंचवटे म्हणजे विली. संपूर्ण पचनमार्गाचं अस्तर सपाट केलं तर टेनिस कोर्टाएवढं होईल, असं बरीच वर्षं शिकवलं गेलं. 2014 साली नव्यानं मोजमाप झालं, तेव्हा ते 32 चौरस मीटरच्या आसपास भरलं. तेही कमी नाही.

[सूक्ष्मदर्शक. गडद पार्श्वभूमीवर तुरळक हिरव्या पेशी.]

आता या हिरव्या पेशी बघा. शंभरात साधारण एक. एक टोक आतड्याच्या पोकळीकडे, अन्नाच्या वाटेवर. दुसरं टोक रक्तवाहिन्यांच्या बाजूला. वरून साखर, चरबी, प्रथिनं ओळखायची आणि खालून रक्तात हार्मोन सोडायचं, हे त्यांचं काम. अशा एकट्यादुकट्या विखुरलेल्या असल्यामुळे त्यांची मिळून एक ग्रंथी होते हे लक्षात येत नाही. थायरॉइडसारखी ती हाताला लागत नाही, चित्रात बोट ठेवून दाखवता येत नाही. पण हार्मोन तयार करणाऱ्या पेशींची सर्वांत मोठी वसाहत शरीरात कुठे असेल, तर ती इथे.

[जुनी कृष्णधवल छायाचित्रं. प्रयोगशाळेचं टेबल, काचेची नळी.]

आणि हार्मोनची गोष्ट सुरूही इथूनच झाली. 16 जानेवारी 1902, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन. विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग हे दोन शरीरक्रियाशास्त्रज्ञ, नात्यानं मेहुणे. त्या काळी पचनाबाबत रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांचा शब्द प्रमाण होता: आतड्यात आम्ल आलं की मज्जातंतू स्वादुपिंडाला कळवतात आणि पाचकरस सुटतो. या दोघांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याचा एक वळसा घेतला, त्याला जोडलेले सगळे मज्जातंतू तोडले, फक्त रक्तवाहिन्या शाबूत ठेवल्या. मग त्यात आम्ल सोडलं. निरोप पोचवायला तंतूच नाही, म्हणजे काहीच घडायला नको होतं. तरी स्वादुपिंडाचा रस ठिबकू लागला.

स्टार्लिंग यांनी लगेच आतड्याचं अस्तर खरवडलं, वाळू आणि आम्ल घालून खलात घोटलं, गाळलं आणि तो अर्क कुत्र्याच्या शिरेत टोचला. रस पुन्हा सुटला. अर्कातल्या त्या द्रव्याला त्यांनी सेक्रेटिन म्हटलं. हार्मोन म्हणून ओळखलं गेलेलं हे पहिलं द्रव्य. इन्सुलिन सापडायला अजून 19 वर्षं होती. तरीही आजच्या पाठ्यपुस्तकातल्या ग्रंथींच्या चित्रात आतडं बहुधा नसतंच.

[आलेख. दोन रेषा, एक बरीच वर.]

साखरेचं द्रावण प्यायला दिलं आणि दुसऱ्या वेळी सलाइनमधून दिलं. रक्तातली साखर दोन्ही वेळी सारखी चढेल असं बघितलं. प्यायल्यावर इन्सुलिन कितीतरी जास्त सुटतं, कारण वाटेत आतडं लागतं. तिथून निघणाऱ्या जीएलपी-1 या हार्मोनचं आयुष्य दोनेक मिनिटांचं, पण स्वादुपिंडाला इशारा द्यायला ते पुरतं. मधुमेहाची आणि वजनाची हल्लीची इंजेक्शनं याच हार्मोनची टिकाऊ नक्कल आहेत.

[जंतुमुक्त पेटी. रबरी हातमोज्यांतून आत उंदीर हाताळणारे हात.]

हार्मोन्सच्या या कारभारात आतड्यातल्या जीवाणूंचाही हात असतो. या पेटीतल्या उंदरांच्या पोटात एकही जीवाणू नाही. अशा उंदरांना थोडा वेळ जखडून ठेवलं, तर ताणाची हार्मोन्स नेहमीच्या उंदरांपेक्षा जास्त उसळतात, हे 2004 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. 2013 मध्ये नर उंदरांचे जीवाणू माद्यांच्या आतड्यात सोडले, तर माद्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मुख्यतः नरांचं हार्मोन, वाढलं. उंदीरच आहेत, हे विसरायचं नाही.

[ॲनिमेशन. यकृत, पित्तनलिका, आतडं.]

माणसातली सर्वांत स्पष्ट वाट इस्ट्रोजेनची, म्हणजे मुख्यतः स्त्रियांच्या हार्मोनची. वापरून झालेल्या इस्ट्रोजेनला यकृत एक रासायनिक शेपूट जोडतं आणि त्यातलं काही पित्तातून आतड्यात सोडतं, बाहेर जाण्यासाठी. पण काही जीवाणूंकडे बीटा-ग्लुकुरोनिडेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते शेपूट तोडतं. मोकळं झालेलं इस्ट्रोजेन आतड्यातून पुन्हा रक्तात शिरतं. किती परत यावं आणि किती बाहेर जावं, यात जीवाणूंचा असा हात असतो. 1970 च्या दशकात गरोदर स्त्रियांना अँपिसिलिन हे प्रतिजैविक दिल्यावर त्यांच्या लघवीतलं इस्ट्रिऑल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) घटलेलं आढळलं, ते यामुळेच: शेपूट तोडणारेच कमी झाले होते. 1982 च्या एका अभ्यासात शाकाहारी स्त्रियांच्या आहारात तंतू (फायबर) जास्त होते. त्यांच्या विष्ठेतून इस्ट्रोजेन जास्त बाहेर पडत होतं, रक्तात कमी उरत होतं.

[मोठ्या आतड्यातले जीवाणू, जवळून.]

अन्नातले तंतू आपल्याला पचत नाहीत, या जीवाणूंना पचतात. त्यातून ब्युटिरेट, प्रोपिओनेट अशी छोटी आम्लं तयार होतात, आणि मघाच्या हिरव्या पेशींपैकी काहींना ती ओळखू येतात. त्या पेशी जीएलपी-1 सोडतात. चोथा म्हणून ज्याची हेटाळणी होते, त्याचं हे काम.

[दुकानातलं कपाट. रंगीत डबे, 'हार्मोन बॅलन्स'.]

हे डबे मात्र कोणतं हार्मोन, किती, कशाच्या तुलनेत, यातलं काहीच सांगत नाहीत. मनःस्थितीशी जोडलं जाणारं सेरोटोनिन शरीरात 90 टक्के आतड्यात बनतं हे त्यांच्यावर छापलेलं असतं; ते सेरोटोनिन मेंदूत पोचत नाही, हे छापलेलं नसतं. पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा हार्मोन्सचा विकार, असलेल्या स्त्रियांच्या आतड्यातले जीवाणू वेगळे आढळतात. आधी जीवाणू बदलले की आधी हार्मोन्स, हे ठरलेलं नाही. पाळी महिनोन् महिने आली नाही तर रक्ततपासणी आणि डॉक्टर, डबा नाही.

[दवाखाना. गोळ्यांची पट्टी, रिपोर्टची फाइल.]

थायरॉइडची गोळी नियमानं घेऊनही टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं हार्मोन) खाली येत नसेल, डोस वाढतच चालला असेल, तर आतडंही तपासून घ्यायला हवं. सीलिॲक आजारात, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याचं अस्तर बिघडतं तेव्हा, किंवा जठरातल्या एच. पायलोरी या जीवाणूमुळे गोळी नीट शोषली जात नाही. सीलिॲक निघाला आणि ग्लूटेन बंद केलं, तर काही रुग्णांना तीच गोळी कमी डोसात पुरते.