सोलापुरात गाणं कुठं ऐकायचं?

मंडळी, नमस्कार. संयोजकांनी विषय दिला होता 'शहराची कला आणि आपण'. भारदस्त आहे. मी तो जरा खाली आणते, कारण मी काही समीक्षक नाही. नोकरी बँकेत झाली, आणि संध्याकाळी गावात कुठं काय वाजतंय, कोण गातंय हे बघत फिरायची खोड लागली. तेवढ्या भांडवलावर बोलणार आहे.

शाखेत बदलून आलेला अधिकारी पहिल्याच आठवड्यात विचारायचा, "इथं बघण्याऐकण्यासारखं काय आहे हो?" आणि आपल्यातलाच कुणीतरी हमखास सांगायचा, "इथं काय नाही साहेब. शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेस धरा, पुण्याला जावा." आता गंमत बघा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे या आपल्या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. त्यांची आठवण म्हणून आपल्या गाडीला नाव दिलं, आणि पार्क चौकाजवळच्या नाट्यगृहालाही दिलं. गाडी आपल्याला गावाबाहेर नेते, नाट्यगृह म्हणतं इथं बसा. आपण बहुतेक वेळा गाडीचं ऐकतो.

आपली दुसरी सवय म्हणजे नावं मोजणं. पाहुणा आला की सुरू! चित्रकार हुसेन पंढरपूरचे, तमाशातल्या विठाबाई पंढरपूरच्या, शाहीर अमर शेख बार्शीचे, फय्याज आपल्या सोलापूरच्या, १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली' नाटकातली झरीना! सगळं खरं आहे. पण यातले बरेचजण इथून गेले, आणि गेल्यावर मोठे झाले. गेलेल्यांची यादी पाठ करणं म्हणजे कलेचा आनंद घेणं नव्हे, तो घराण्याचा अभिमान झाला. मला त्यापेक्षा प्रा. श्रीराम पुजारींसारखी माणसं महत्त्वाची वाटतात. कुमार गंधर्व, भीमसेन सोलापुरात आले की त्यांचा राबता पुजारी सरांच्या घरी असायचा, आणि विद्यार्थी वयातले जब्बार पटेल त्या घरात वावरत होते. पुजारी सर गायक नव्हते. ते ऐकणारे होते, आणि दुसऱ्याला ऐकायला बोलावणारे होते. गावाला असे चार लोक मिळाले तरी पुष्कळ होतं.

आता सभागृहातल्या मैफलीबद्दल थोडं, फार नाही. हुतात्मा स्मृती मंदिर आहे, फडकुले सभागृह आहे, वर्षातून एकदोन चांगले संगीत महोत्सव होतात. बाहेरचा मोठा कलावंत आला की एक अडचण असते, ती म्हणजे सिद्धेश्वर एक्स्प्रेस. रात्री साडेदहाच्या पुढे सुटते, सकाळी मुंबईत. गायकाला उद्या तिकडं कार्यक्रम असला की दहाच्या सुमारास भैरवीचा वास यायला लागतो. तानपुरेवाला घड्याळाकडं बघतो, संयोजक विंगेत येरझाऱ्या घालतो. आणि आपण कधी पोचतो? साडेसहाच्या कार्यक्रमाला सव्वासातला, कारण "सोलापुरात वेळेवर कुठं चालू होतंय?" पहिला विलंबित ख्याल, म्हणजे सावकाश उलगडणारं गाणं, खुर्च्या शोधण्यात जातो. आणि तोच तर ऐकायचा असतो! दोनतीन सुरांत राग कसा उभा राहतो, तबल्याचा ठेका किती सावकाश चालतो आणि तरी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दोघं कसे बरोबर येतात, हे सगळं पहिल्या अर्ध्या तासात. नंतरच्या जलद द्रुतावर टाळ्या कुणीही वाजवतं. तेव्हा वेळेवर या, आणि शक्य असेल तर पंधरा मिनिटं आधी या, वाद्यं लावताना ऐका. तबलजी हातोडीनं गठ्ठे ठोकत सूर चढवतो, ते ऐकताना आपलाही कान लागतो.

पण मला खरं बोलायचं आहे ते सभागृहाबाहेरच्या कलेबद्दल. सोलापूर हे एका भाषेचं गाव नाही. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, चार भाषा सकाळच्या दूधवाल्यापासून कानावर पडतात. प्रत्येकीची गाणी वेगळी, वाद्यं वेगळी, वर्षातले दिवस वेगळे. आणि आपण काय करतो, तर आपल्या पेठेत बसून आपलंच ऐकतो. मी स्वतः कसब्यातली, मराठी घरातली. बँकेनं पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या, शाखेत टाकलं नसतं तर मलाही अर्धं गाव कळलं नसतं.

राम जोशींचं उदाहरण देते. अठराव्या शतकातला सोलापूरचा हा शाहीर. घर शास्त्री-पुराणिकांचं, पोराला नाद तमाशाचा. भावानं घराबाहेर काढलं म्हणतात, मग पंढरपुरात अध्ययन, कीर्तन, आणि पुन्हा लावणी. मोरोपंतांशी त्याचा स्नेह होता हे सगळ्यांना माहीत असतं. पण या माणसानं चार भाषा मिसळून लावणी रचली, मराठी, कन्नड, हिंदुस्थानी आणि संस्कृत. मी जेव्हा हे वाचलं तेव्हा मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. सोलापूरचा माणूस दुसरं काय करणार? मंगळवार पेठेच्या बाजारात आजही एका सौद्यात तीन भाषा होतात. त्यानं ते लावणीत घातलं एवढंच.

आता गड्ड्याची जत्रा, म्हणजे सिद्धेश्वरांची संक्रांतीची यात्रा, घ्या. आपण गड्डा म्हणजे पाळणे, बर्फाचा गोळा आणि होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम एवढंच धरून बसलोय. मी सांगते, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, संमती कट्ट्यावर या. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या मानाच्या काठ्या, मानकरी हिरेहब्बूंच्या वाड्यापासून निघतात. पांढऱ्या बाराबंदीतला एक माणूस ती उंच काठी कमरेच्या आधारानं एकट्यानं तोलत चालतो. हे नुसतं बळाचं काम नाही. काठीचा वरचा सरंजाम हलायला लागला की तो पावलाची लांबी बदलतो, आणि मागचे वाजवणारे त्याच्या पावलाकडं बघून वाजवतात. आधी कितीतरी दिवस रात्री सराव चाललेला असतो, तोही बघायला कुणाची बंदी नाही. मग कट्ट्यावर कन्नडमध्ये संमतीचं, म्हणजे सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या मंगलाष्टकांचं, वाचन होतं. समोर अफाट गर्दी असते, आणि त्या गर्दीत कन्नड न येणारे माझ्यासारखे निम्मे. पण "दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम" आलं की सगळ्यांचा हात एकाच क्षणी उठतो आणि अक्षता पडतात. सम चुकत नाही. एवढ्या माणसांना ताल कुणी शिकवला? दरवर्षी आईबापाच्या खांद्यावर बसून ऐकला, म्हणून आला.

सिद्धरामेश्वर आपलं ग्रामदैवत, पण ते कवीही होते हे मराठी घरांत फारसं कुणी बोलत नाही. बाराव्या शतकातले बसवेश्वरांच्या मांदियाळीतले वचनकार, म्हणजे कन्नडमध्ये वचनं रचणारे. त्यांच्या वचनात 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' अशी नाममुद्रा येते. वचनं गद्याच्या अंगानं जातात, त्यामुळं गायला अवघड. आणि धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांनी ती ख्यालाच्या तालमीतल्या गळ्यानं गायली. यमकाचा आधार नाही, वृत्ताचा नाही, आणि तरी वाक्य सुरावर असं बसवायचं की ते बोलल्यासारखं वाटावं. बाळीवेशीच्या बाजूला कुणाकडं वचनगायन असलं आणि ओळखीतून बोलावणं आलं तर टाळू नका. अर्थ शेजारचा माणूस सांगतो. न विचारता सांगतो, सोलापूर आहे हे.

आता पूर्व भाग. माझ्या शाखेत खातेदार बहुतेक यंत्रमागवाले, विडी वळणाऱ्या बायका. कर्जाच्या पाहणीला म्हणून एका कारखान्यात गेले होते. चादर म्हणजे पांघरूण, यापलीकडं माझं ज्ञान नव्हतं. तिथं एक म्हातारे गृहस्थ ग्राफ पेपरवर चेहरा काढत बसले होते. काढत म्हणजे चौकोन भरत होते. एक चौकोन म्हणजे उभा धागा आणि आडवा धागा भेटतात ती एक जागा. गालावरची सावली हवी असेल तर रंग बदलायचा नाही, वीण बदलायची. कुठं आडवा धागा वर जास्त दिसेल, कुठं कमी, यावर काळा, राखाडी, पांढरा ठरतो. मग त्या ग्राफवरून जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात. एक पट्टी म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची एक फेरी. भोक असेल तिथं तो उभा धागा उचलला जाणार, नसेल तिथं खालीच राहणार. अशा शेकडो पट्ट्या दोऱ्यानं ओवून जकार्डवर, म्हणजे मागावरच्या धागे उचलणाऱ्या यंत्रावर, माळ चढवतात. त्यांनी एक पट्टी खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "मॅडम, हे डाव्या मिशीचं टोक." मला नुसती भोकं दिसत होती. त्यांना मिशी दिसत होती.

वर माग चालू झाला. खटाखट, खटाखट. मागाचा कामगार त्या आवाजातच ओळखतो की धागा तुटला. तुटका धागा दिसायच्या आधी त्याचा हात जातो. मी तेव्हापासून म्हणते की ज्याला लय कळायला हवी त्यानं एक तास मागाजवळ उभं राहावं. आणि ही भिंतीवर लावायची विणलेली चित्रं आपल्या किती दिवाणखान्यांत आहेत? बाहेरगावी भेट द्यायला आपण चादरीचा जोड नेतो, कारण तो ठरलेला. चित्र म्हणून ते कुणी बघतच नाही. आर्ट गॅलरी नाही म्हणून रडतो, आणि चित्रकार मागावर बसलेत.

त्याच भागात नवरात्राच्या दिवसांत बतुकम्मा असते. झेंडू, कुरडूची फुलं, तरवडाची पिवळी फुलं थर लावून ताटात रचतात, वर निमुळतं होत जाणारं. मध्ये ती फुलांची रास आणि भोवती बायकांचा फेर. एक बाई ओळ म्हणते, बाकीच्या "उय्यालो, उय्यालो" म्हणत टाळी देतात. आपल्या भोंडल्याला जवळची, पण चाल संथ, कमरेतून वाकून टाळी, आणि कडवी सरता सरत नाहीत. पहिल्या वर्षी मी कडेला उभी होते. दुसऱ्या मिनिटाला एका खातेदारणीनं हात धरून आत ओढलं. साहेबीण कर्ज नाकारणारी असली तरी फेरात चालते, असा त्यांचा नियम दिसला.

नाटकाचं एकच सांगते. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी आपल्याकडं होते तेव्हा जात जा. तिकीट चहा-भज्याच्या पैशांत असतं. सगळी नाटकं चांगली नसतात. काही तर फार वाईट असतात, उगाच कशाला खोटं बोलू? पण दिवसभर दुकानात काम करून आलेला मुलगा रात्री रंगमंचावर राजा होतो, त्यात एखाद्या दिवशी असं काही घडतं की बाहेर पडल्यावर पार्क चौकातली भेळ तशीच हातात राहते.

आता चिठ्ठ्या आल्यात, दोनच घेते.

पहिली, "मुलीला गाण्याच्या क्लासला घालावं की चित्रकलेच्या?" ताई, आधी सहा महिने कुठल्याच नको. दोन्हीकडं घेऊन फिरा. मैफलीला न्या, मागावर न्या, महापालिकेत काम निघालं तर तिला इंद्रभुवनाच्या भिंती दाखवा, अप्पासाहेब वारदांनी किती हौसेनं बांधलीय ती वास्तू. ती कुठं जास्त वेळ थांबते ते बघा आणि तिथं घाला.

दुसरी, "लेझीमच्या सरावाला बायकांनी गेलेलं चालतं का?" चालतं की! आता तर मुलींचेही ताफे असतात. गणपतीच्या आधी रात्री जेवणवेळेनंतर कुठल्याही मोठ्या मंडळासमोर जा. मिरवणुकीत तुम्हाला धक्काबुक्कीत काही दिसणार नाही, सरावात सगळं दिसतं. शिट्टी वाजते, अख्खी रांग एका दमात बसते, उठते, वळते, आणि पन्नास लेझमांच्या चकत्या एकदम गप्प होतात. एखादी मागं वाजली की म्होरक्या रांगेकडं न बघता नाव घेऊन ओरडतो. त्याला आवाजावरून कळतं कोण चुकला ते. मधल्या विश्रांतीत हलगीवाला रद्दी पेटवून हलगी शेकत बसतो. पावसाळी हवेनं कातडं सैल पडतं, आवाज बसतो. शेकून शेकून, मधेच बोटानं टिचकी मारून तो कान लावतो, आणि हवा तसा कडक आवाज आला की उठतो. ते जवळून बघा. कुणीतरी खुर्ची आणून देईल, चहाही येईल. फक्त हलगीच्या अगदी तोंडासमोर बसू नका, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत.