टाकीच्या बुडातलं पाणी

(दृश्य : पांढरी बादली, तिच्यात उडणारी पिचकारी)

हे पाणी टायरात हवा भरायच्या कंप्रेसरच्या टाकीतून निघालंय. रंग बघा, उकळून उकळून काळपट झालेल्या चहासारखा. बादलीच्या तळाशी जो गाळ बसलाय, ते टाकीचंच लोखंड.

मुंबई-गोवा महामार्गावर, कणकवलीच्या अलीकडे पंक्चर काढायचं हे दुकान. महिना जुलैचा. कंप्रेसर २ हॉर्सपॉवरचा, टाकी १६० लिटरची. या टाकीत पाणी कोणी ओतत नाही, ते हवेतून येतं. तापमान ३० अंश आणि दमटपणा ८० टक्के असला, की एका घनमीटर हवेत जवळपास २४ ग्रॅम वाफ असते. तीच हवा ८ किलोच्या (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ८ किलो) दाबाने कोंबली की, बाहेरच्या हवेचा दाब धरून, नवव्या हिश्श्याच्या जागेत बसते, आणि निवल्यावर तिच्यात साडेतीन ग्रॅमच वाफ टिकते. उरलेल्या २० ग्रॅमचं पाणी होऊन बुडाला उतरतं. मिनिटाला २०० लिटर हवा ओढणारं मशीन दिवसभरात मिळून तीन तास चाललं, तर हिशेबाने पाऊण लिटरच्या आसपास पाणी झालं. एका दिवसाचं.

(दृश्य : फरशीला टेकलेला कॅमेरा, टाकीची खालची बाजू)

ते काढायला टाकीच्या बुडाला कॉक दिलेला असतो. आम्ही कॅमेरा फरशीला टेकवला तेव्हा कुठे तो दिसला. टाकी आणि फरशी यांच्यात जेमतेम चार बोटं जागा. कॉक फिरवायचा तर पोटावर झोपायचं, कोपरापर्यंत हात आत घालायचा, आणि कॉक ढिला झाला की फवारा थेट बाहीत. मशीनबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, रोज पाणी काढा. दुकानाचे मालक साठीच्या पुढचे, इथे सगळे त्यांना आबा म्हणतात. ‘माका आता वाकूक जमणा नाय,’ एवढंच ते म्हणाले. याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. जिथे हात पोचत नाही तिथे कॉक बसवायचा आणि विसरल्याचा दोष दुकानदाराला द्यायचा, हे आम्हाला पटत नाही.

(दृश्य : भंगारवाल्याकडची उभी कापलेली टाकी)

पाणी राहिलं की काय होतं ते इथे दिसतं. वरचा अर्धा भाग आतून करडा, जवळपास नवा. बुडाला मात्र हातभर रुंदीचा गंजाचा पट्टा. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तरी खपल्या सुटतात. बाहेरचा निळा रंग अजून शाबूत आहे. ४० सेंटिमीटर व्यासाच्या टाकीत ८ किलोचा दाब असताना तिच्या एकेका टोकावर १० टनांचा जोर असतो. झिजलेल्या टाक्या फुटून माणसं दगावली आहेत.

(दृश्य : बाकावर मांडलेलं सामान)

आता काम : बुडातला कॉक काढून त्याजागी पाइप जोडायचा आणि पाणी सोडायची दांडी हात पोचेल तिथे भिंतीवर आणायची. सामान एवढंच : पाव इंची (दोन सुताचा) एल्बो म्हणजे काटकोनी जोड, निपल म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला आखूड तुकडा, जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचा हातभर तुकडा, हवेची रबरी नळी, पितळी बॉल व्हॉल्व्ह म्हणजे दांडीने उघडणारी तोटी, आणि जोडातून गळू नये म्हणून टेफ्लॉन टेप. बागेची प्लॅस्टिकची नळी किंवा पीव्हीसी पाइप इथे अजिबात चालत नाही. दाबाखाली पीव्हीसी तडकतो तो काचेसारखा, तुकडे उडवत. नळीवर २० किलोचा आकडा छापलेला पाहूनच घ्यायची.

आधी मेन स्विच बंद, पिन बाहेर. मग सगळी हवा सोडायची, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्यावर टेकेपर्यंत. जुना कॉक गंजून बसला होता. आदल्या रात्री त्यावर तेल सोडून ठेवलं होतं, सकाळी पान्याने कुरकुरत निघाला. त्याचे आटे बघा, अर्धे झिजलेत.

टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळायची, नाहीतर घट्ट करताना उलगडते. एल्बो आडवा बसला, त्यातून पाइप टाकीच्या बाहेर आला. इथून पुढे रबरी नळी. कंप्रेसर चालताना थरथरतो. कडक पाइप थेट भिंतीला जखडला तर जोडावरच चीर जाते. नळी ती थरथर सोसते. भिंतीवर आबांच्या कमरेइतक्या उंचीला व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हपासून खाली ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये दुसरी नळी. कॅनच्या झाकणाला हवा जायला वेगळं भोक आहे. हे पाणी तेलकट असतं, विहिरीच्या वाटेला ते जाता कामा नये.

टाकीला कुठेही भोक पाडलेलं नाही, वेल्डिंग केलेलं नाही. ते करायचंच नसतं.

(दृश्य : जोडांवर साबणाचा फेस)

हवा भरली, जोडांवर साबणाचं पाणी लावलं. एल्बोपाशी बारीक बुडबुडे आले. हवा पुन्हा सोडून अर्धा आटा आवळला. दुसऱ्या वेळी फेस जागच्या जागी राहिला.

(दृश्य : संध्याकाळ, दुकानातला दिवा)

मशीन बंद करून आबांनी दाब २ किलोवर आणला. पाणी वर चढायला तेवढा पुरतो. मग व्हॉल्व्हची दांडी हळूच फिरवली. नळी हलली, कॅनमध्ये गडगड झाली, आणि थोड्या वेळाने नुसत्या हवेचा आवाज. नळीत राहिलेलं घोटभर पाणी टाकीत परत गेलं, ते उद्याच्या पाण्याबरोबर निघेल. पहिले काही दिवस रंग तांबडाच येणार, आतला सुटा गंज वाहून येतो.

आबांनी दांडी आडवी केली आणि शटरच्या आकड्याकडे हात नेला.